गफूरचाचांचं वाकडं बोट

हाडांच्या डॉक्टरकडे किस्से फार साचतात. तापाचा पेशंट गोळ्या घेऊन दुसऱ्या दिवशी गायब! मोडक्या बोटाचा मात्र महिनाभर चकरा मारतो आणि दर चकरेला काहीतरी सांगून जातो. आज माझा लातुरात स्वतःचा दवाखाना आहे, पण माझे चांगले किस्से सगळे नांदेडचे. तिथल्या मोठ्या डॉक्टरांच्या, म्हणजे सरांच्या, हाताखाली मी नवा डॉक्टर होतो आणि प्लास्टर रूम तिथं प्लास्टर घालणाऱ्या गफूरचाचांची होती. त्यांची फार आठवण येते.

चाचांची उजवी करंगळी हुकासारखी वाकडी. लहानपणी विटीदांडू खेळताना मोडलेली. बाप मारील म्हणून लपवली, ती तशीच जुळली. थंडीत ठणकायची. शर्टाच्या गुंड्या लावायला अडायची, म्हणून रोज सकाळी चाची लावून द्यायच्या आणि रोज सरांच्या नावानं बोलायच्या, "एवढा मोठा डॉक्टर, अन् घरचं बोट सरळ करून देईना!"

सर तर कधीपासून मागे लागले होते. चाचाच टाळायचे. रमजान झाल्यावर, लग्नसराई झाल्यावर, थंडी झाल्यावर!

*

आमच्याकडचा सगळ्यात जुना एक्स-रे म्हणजे बोट हलवून बघणं. हललं की मोडलं नाही! मग ओढायचं, चोळायचं आणि दोन आठवड्यांनी आमच्याकडे यायचं.

"अहो, मोडलेलं बोटबी हलतंय," मी घसा कोरडा करायचो. कुणी ऐकेल तर शपथ. मग चाचा आपली करंगळी समोर धरायचे. पेशंट मुकाट्यानं एक्स-रेला जायचा.

*

उमरीच्या एक बाई आल्या. दारात बोट चेमटलेलं, सुजून टम्म, आणि त्यात अंगठी रुतलेली. बोटाला मार लागला की सूज यायच्या आत अंगठी काढायची, हा चाचांचा पहिला कायदा. आता कापण्याशिवाय इलाज नव्हता.

बाई म्हणाल्या, "मालकांनी घातलीय, मी न्हाई कापू देणार!"

चाचांनी मालकांनाच आत बोलावलं. मालकांनी बोट बघितलं आणि म्हणाले, "कापा की लवकर!"

बाई रडता रडता उसळल्या, "घालताना घाई, आन् आता कापायलाबी घाईच!"

*

विष्णुपुरीच्या कॉलेजातला एक पोरगा क्रिकेटमध्ये बोट मोडून आला. हाड जागेवर होतं, म्हणून चाचांनी ते शेजारच्या बोटाला पट्टीनं बांधलं.

"चाचा, ह्या चांगल्या बोटानं काय केलंय?"

"तुमच्या होस्टेलात नापास पोराला अभ्यासू पोराच्या खोलीत टाकतेत का न्हाई? तसं हाय हे."

चौथ्या दिवशी मॅच होती. गड्यानं पट्टी सोडली, खेळला आणि दोन्ही बोटं सुजवून परत आला!

चाचांनी हात उलटापालटा करून बघितला. "घ्या! अभ्यासूबी नापास झाला."

*

चाचा रिटायर झाले तेव्हा सरांनी तारीखच ठरवून टाकली. आता बहाणा चालणार नव्हता. त्या सकाळी चाची शर्टाची पिशवी घेऊन बाहेर, प्लास्टर रूमसमोरच्या बाकावर बसल्या. खूश होत्या. चाचा हिरवा गाऊन घालून, हाताला सलाईन लावून ऑपरेशन थिएटरच्या दारात स्ट्रेचरवर पडून होते. मी शेजारी उभा होतो.

तेवढ्यात प्लास्टर रूममधून मोठा आवाज आला. जवळच्या खेड्यातला एक शेतकरी ट्रॉलीच्या मागच्या झडपेत, फाळक्यात, बोट चिरडून आलेला. चाचांच्या जागी आलेल्या नव्या माणसाशी भांडत होता.

"हलून राहिलंय की! कशाला पायजे एक्स-रे?"

चाचा उठले. मी "चाचा, चाचा" करतोय तोवर सलाईनचा स्टँड ढकलत निघालेसुद्धा. प्लास्टर रूममध्ये गेले आणि त्या माणसासमोर करंगळी धरली.

"माझंबी हलत होतं, पाव्हणं."

शेतकऱ्यानं बोट बघितलं, चाचांकडे बघितलं आणि उठून एक्स-रेला गेला.

चाचा परत आले, पण झोपले नाहीत. सर ग्लोव्ह्ज घालून उभेच होते.

"साहेब, हे सरळ केलं तर असल्या पेशंटला काय दाखवायचं?"

सरांनी ग्लोव्ह्ज काढले आणि स्वतः चाचांचं सलाईन सोडवलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

आता चाचींना कोण सांगणार? आम्ही तिघं खाली मान घालून बाहेर आलो. चाचींनी आधी बोट बघितलं, मग सरांकडे बघितलं. पिशवीतून शर्ट काढला, चाचांच्या अंगात घातला आणि वरून एकेक गुंडी लावत विचारलं,

"साहेब, उद्या बोट दाखवायला किती वाजता पाठवू यांना? गुंड्या लावायला टाइम लागतो."