शून्य तीन वार!

रॉकेट क्लबच्या पुढच्या महिन्यातल्या कार्यक्रमासाठी स्वयंसेवक हवेत, अशी बातमी मी छापली होती. अख्ख्या सोलापुरातून एकच माणूस आला. अडत बाजारात ज्वारीचे लिलाव पुकारणारा, खांद्यावर टॉवेल टाकलेला.

"मला वरडायला जमतंय की," तो म्हणाला. क्लब चालवणाऱ्या शाळेतल्या मास्तरांनी त्याला उलटे आकडे मोजायचे काम दिले.

त्या रविवारी नमुन्याचे रॉकेट उडाले, तरच मुख्याध्यापक कार्यक्रमाला शाळेचे मैदान देणार होते. त्याने दहापासून शून्यापर्यंत बिनचूक मोजले. पुठ्ठ्याचे रॉकेट जागचे हलले नाही. पेटवायची तार निसटली होती. लोक उठू लागले, मुख्याध्यापकांनी छत्री उचलली.

त्याने टॉवेल हवेत फडकवला. "बसा की मालक! माल लई चांगला हाय. शून्य एक वार!"

लोक हसत खाली बसले. मास्तर तार जोडायला धावले.

"शून्य दोन वार! सायेब, तुमी घेताय न्हवं?"

मुख्याध्यापकांनी हसू दाबत मान हलवली. तिसरा वार म्हणजे लिलाव संपला, म्हणून तो दुसऱ्या वारावरच रेंगाळत राहिला. अखेर मास्तरांनी लांब जाऊन हात वर केला.

"शून्य तीन वार!"

रॉकेट शाळेच्या कौलांवरून पार गेले.

"सायबांच्या नावावर सुटलं! आता मैदान द्या."

मैदान मिळाले. बातमीसाठी मी त्याचे नाव विचारले.

"नगा लिवू," तो म्हणाला. "आमचा अडत्या म्हणंल, माझ्याकडं लिलावाला ह्याचा घसा बसतोय अन् हितं बरा सुटतोय."