झटक्याची पेटी आणि बाबलीकाका

आमच्या सरकारी गुरांच्या फार्मवर दुपारी काजूखाली पेज प्यायला बसलं की कोणीतरी झटक्याच्या पेटीची एक गोष्ट काढतोच. तिला दुसरी गोष्ट जोडली जाते, मग तिसरी. सगळे हसतात. मी सहसा बोलत नाही. सातवीत शाळा सुटली, तेव्हापासून चारचौघांत तोंड उघडायची भीतीच बसलीय. पण पेटी सांभाळायचं काम माझ्याकडे होतं. त्यामुळे सगळे किस्से मला पाठ आहेत आणि प्रत्येक वेळी हसू कमी आणि राग जास्त येतो. बोलता येत नाही म्हणून लिहून काढतोय!

*

पेटी परदेशातून आली. डब्याएवढी, हिरवी. खाली बॅटरी, वर दोन खुंट्या. एक खुंटी तारेला जोडायची, दुसरी जमिनीत ठोकलेल्या लोखंडी कांबीला. पेटी टिक् टिक् करायची आणि दर टिकेला तारेत झटका यायचा. जनावर तारेला लागलं की उडालंच!

उद्घाटनाला साहेब पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून आले. सगळ्यांसमोर तार मुठीत धरली. "बघा, काही होतं का? उगाच घाबरता!"

मग बाबलीकाकांना म्हणाले, "तू धर."

बाबलीकाका फार्मचे राखणे. जन्म गुरांमागे गेलेला, पायांत कधी वहाण नाही. त्यांनी बोट लावलं मात्र, दोन हात मागे जाऊन शेणात बसले! साहेब पोट धरून हसले.

काका उठले, धोतर झटकलं आणि शांतपणे म्हणाले, "साहेबानू, माका हात लावूक सांगतास, तर बूट पण द्या!"

साहेबांचं हसू थांबलं. पेटीवर थाप मारून ते म्हणाले, "ही कंदिलापेक्षा कमी खर्चात चालते. झोपत नाही, बोलत नाही, खायला मागत नाही. शिमग्यापर्यंत नीट चालली, तर राखण्याची जागा रद्द!"

काकांच्या घरात दुसरं मिळवतं माणूस नव्हतं. हे साहेबांना ठाऊक होतं.

*

कांब ठोकली होती राखणदाराच्या, म्हणजे जागा सांभाळणाऱ्या देवाच्या, दगडाशेजारी. गोठा झाडणारी राधाकाकी रोज सकाळी त्या दगडावर घागरभर पाणी ओतायची. आता कांबीवरही ओतू लागली. एकाच जागेचे दोन राखणदार, एकाला पाणी आणि एकाला नाही, हे तिला बरं दिसेना!

एकदा साहेबांनी पाहिलं. "सरकारी जागेत ही अंधश्रद्धा? बंद!"

पाणी बंद झालं. आमचा सडा, म्हणजे डोंगरमाथ्याचं पठार, नुसता जांभा दगड, माघात वाळून ठणठणीत होतो. चार दिवसांत तारेचा जोर गेला. गुरं तारेला मान घासू लागली. साहेबांनी वर कळवलं, "येथील गुरांची कातडी जाड आहे."

शेवटी बेळगावहून मेकॅनिक आला. त्याने कांब पाहिली आणि विचारलं, "इथे कोणी पाणी घालत नाही? कांबीची जमीन कोरडी पडली की झटका मरतो."

साहेबांनी राधाकाकीला बोलावलं. "उद्यापासून कांबीवर रोज पाणी घालायचं. पण हात जोडायचे नाहीत!"

"घालतंय," राधाकाकी म्हणाली. "पण मनात जोडलंय, तर तुमका कळतला कसा?"

*

बॅटरी दोन महिने चालेल असं साहेबांनी सांगितलं होतं. आठवड्यात बसायची! मग मी ती डोक्यावर घेऊन सडा उतरायचो आणि एस.टी.ने बांद्याच्या मोटार गॅरेजात चार्ज करायला न्यायचो. कंडक्टर मला मागच्या बाकावर एकटा बसवायचा. "त्या तेजाबाच्या पोराक कोणी चिकटा नको रे!" सगळी गाडी हसायची. मी खिडकीबाहेर बघायचो. बॅटरीतल्या ॲसिडने शर्टाला पडलेली भोकं आईने तीनदा शिवली.

बॅटरी बसायची का, ते नंतर समजलं. साहेबांचा रेडिओ बॅटरीवर चालायचा. दुपारी ते पेटीची बॅटरी खोलीत नेत, गाणी ऐकत आणि संध्याकाळी परत जोडून ठेवत.

अशाच एका दुपारी तांबू नावाची गाय झटका नसलेली तार ओलांडून गेली, तिच्यामागे बाकीची. शेजारच्या शेतकऱ्याचा कुळीथ साफ झाला. तो दांडा घेऊनच आला आणि बाबलीकाकांना धरलं. "गुरां माझो कुळीथ खातत, तू खंय मेल्लस रे?"

साहेब खोलीतून बाहेर आले आणि सगळ्यांसमोर काकांना म्हणाले, "झोपला होतास ना? म्हणूनच म्हणतो, माणसापेक्षा यंत्र बरं!"

मागे खोलीत गाणं चालूच होतं! माझ्या ओठांवर आलं होतं. आलं आणि तिथेच राहिलं. काका मला एवढंच म्हणाले, "वसंता, गाणी आयकूची साहेबांनी, आणि गाळी आयकूच्यो मीया!"

*

शिमगा झाला. वरचे मोठे साहेब जीपने आले. त्या दिवशी बॅटरी भरलेली, कांब ओली, तार ताणलेली. गुरं तारेपासून चार हात लांब उभी. मोठे साहेब खूश. "वा! एवढ्याशा बॅटरीवर एवढा कळप!"

त्यांची जीप वळणाआड गेली आणि साहेबांनी काकांना सांगितलं, "उद्यापासून येऊ नकोस."

काका गुरांपाशी गेले. प्रत्येक गुराच्या पाठीवरून हात फिरवला. तांबूच्या कानातली गोचीड काढून दगडावर चिरडली. मग कांबळं खांद्यावर टाकलं, काठी घेतली आणि तारेच्या कुंपणाचा झाप उघडून बाहेर पडले. झाप मीच लावून घेतला. पेटी चालू होती. टिक् टिक्.

काका उतरणीला लागले. हाक मारली नाही, मागे वळून पाहिलं नाही.

तांबूने मान वर केली आणि सरळ तारेकडे चालू लागली. छातीला झटका बसला तशी हंबरली, थरथरली आणि मान खाली घालून तारेखालून घुसली. पाठीला पुन्हा झटका. थांबली नाही. तिच्यामागे दुसरी, तिच्यामागे तिसरी. वासरंसुद्धा! प्रत्येक हंबरत होतं आणि प्रत्येक जात होतं. तार तुटली नाही. कुंपणाचा एक खुंट तेवढा वाकला.

साहेब विहिरीवर आंघोळ करत होते. हंबरडा ऐकून ओल्या पंच्यावरच धावत आले, अंगावरून पाणी निथळतंय.

"वसंत! मशीन बंद ठेवलंस? चोर! त्या म्हाताऱ्याला सामील आहेस तू!"

माझे कान तापले. पण या वेळी ओठांवर आलेलं तिथे राहिलं नाही.

"हात लावून बघा, साहेब."

साहेबांनी रागाने हात पुढे केला. तारेपासून वीतभर अंतरावर तो थांबला. त्यांनी खाली पाहिलं. पायांत बूट नव्हते. पायांखाली त्यांच्याच आंघोळीच्या पाण्याचं डबकं झालं होतं.

पेटी टिक् टिक् करत होती.

खाली उतरणीवर, गुरांच्या घोळक्यात उभे असलेले बाबलीकाका ओरडले,

"धरा, साहेबानू, धरा! खावक मागणा नाय तां!"