बाईंची गाडी मी विकली नाही

मी आज जो काही आहे तो आमच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईंमुळे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी त्यांचा शब्द मोडला आहे आणि तो मोडल्याचं मला वाईट वाटत नाही.

आमचं तालुक्याचं गाव. घरात माझ्याआधी दहावीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं. शाळेच्या प्रयोगशाळेत एकच व्होल्टमीटर, तोही काच तडकलेला. बाईंचा नियम असा, की आधी वहीत आकडा लिहायचा, मग तोंड उघडायचं. कोणी ‘मला वाटतं’ म्हणालं की त्या म्हणायच्या, “वाटतं ते राहू दे. मोजलंस किती?”

इंजिनिअरिंगच्या प्रवेशपरीक्षेदिवशी एसटी बंद होत्या. बाईंनी मला आपल्या छोट्या पांढऱ्या गाडीतून जिल्ह्याच्या गावी नेलं आणि परीक्षा संपेपर्यंत तीन तास त्या गाडीतच वह्या तपासत बसल्या. पुढे डोळे अधू झाले तेव्हा ती गाडी त्यांनी मलाच देऊन टाकली. बदल्यात मी काहीही देऊ केलं की त्या हात मागे घेत. फक्त एक गोष्ट त्यांनी कबूल केली होती. यंदा तुळशीचं लग्न झालं की आठ दिवस माझ्याकडे बंगळूरला राहायला येणार, आणि येणार ते याच गाडीतून.

मी राहतो येलहंकाला, ऑफिस एचएसआर लेआउटमध्ये. म्हणजे रोज अख्खं शहर ओलांडायचं. ऑफिसातल्या पुणेकरांना माझ्या गाडीची मोठी गंमत. “ही गाडी आहे की तुझं कुलदैवत?” असं एकानं विचारलं. दोन्ही, असं मी सांगितलं.

या शहरात आयुधपूजा, म्हणजे आपली खंडेनवमी, अर्धवट कोणी करत नाही. ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाड्यांना केळीचे खांब बांधतात, कुंकू घातलेला कोहळा फोडतात. बाई बसणार म्हणून मी त्याआधी गाडी रंगवून घेतली, बॉनेटच्या आतूनसुद्धा. रंगाऱ्याला बजावलं, काय खोलायचं ते खोला, पण एकही कोपरा सोडू नका. त्यानं माझं अक्षरशः ऐकलं. चाकांखाली लिंबं ठेवून मी गाडी पुढे घेतली आणि चकचकीत इंजिनाचा फोटो बाईंना पाठवला.

आठवड्यात गाडी कण्हायला लागली. सकाळी स्टार्टर जेमतेम फिरायचा. संध्याकाळी सिग्नलला थांबलं की दिवे पिवळे पडायचे आणि डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा मिणमिणायचा. ऑफिसजवळच्या एका वर्कशॉपनं नवी बॅटरी बसवली. चार दिवसांत तीही झोपली. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा तिथल्या माणसानं बॉनेटही उघडलं नाही. टॅबवर बोट फिरवत म्हणाला, सर, एमएच नंबर, एवढं जुनं मॉडेल, एक्सचेंजमध्ये घालून टाका.

फोनवर बाईंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, “विकून टाक. गाडी ही काही पाया पडायची वस्तू नाही. माझं येणं राहिलं तर राहिलं.”

बाई एखादी गोष्ट दुसऱ्यांदा कबूल करत नाहीत. गाडी गेली तर त्यांचं येणंही गेलं, हे मला त्याच क्षणी कळलं. आयुष्यात कधी त्यांना उलट बोललो नव्हतो, त्या दिवशीही बोललो नाही. पण फोन ठेवला तेव्हा विकायची नाही एवढं ठरलेलं होतं.

बसवनगुडीत एक ऑटो इलेक्ट्रिशियन आहेत. त्यांचं घराणं पिढ्यान् पिढ्या इथलं, घरात मराठी, आणि त्या मराठीत निम्मं कन्नड. मी त्यांना अण्णा म्हणतो, तेही मला अण्णाच म्हणतात. त्यांचं म्हणणं पडलं की या शहरात गाडी धावते कमी, उभी राहते जास्त. उभ्या इंजिनावर वीज तयार करणारा जुना अल्टरनेटर एसी, दिवे, वायपर सगळ्यांना पुरा पडत नाही. त्यांनी याच गाडीच्या डिझेल मॉडेलचा मोठा अल्टरनेटर आणला, त्यासाठी पट्टी कापून ब्रॅकेट केलं, बॅटरीपर्यंत जाड केबल ओढली, नवा बेल्ट चढवला. मी खुशीत निघालो. घरी पोचायच्या आत, पहिल्याच मोठ्या सिग्नलला दिवे पिवळे.

शनिवारी परत गेलो. अण्णा म्हणाले, “मग आतली वायरिंग गेली असणार. सगळी उपसायची म्हणजे पंधरा दिवस. स्वल्प विचार करा अण्णा, द्या सोडून.”

सोड म्हणणारे हे तिसरे. मला राग आला, त्यांचा नाही, माझाच. बॅटरी बदलली, अल्टरनेटर बदलला, आणि बाईंच्या विद्यार्थ्यानं एकही आकडा लिहिला नव्हता.

मी म्हटलं, “अण्णा, आपण अजून एकदाही मोजलं नाही.”

“चाळीस वर्षं मी कानानं काम करतो.”

“आमच्या बाईंना कान चालत नाही.”

त्यांनी मीटर माझ्या हातात दिला आणि स्टूल ओढून बसले. “सरी, ठीक आहे. मोजा. इंजिनिअर आहात तुम्ही.”

इंजिन चालू ठेवलं, दिवे, पंखा, वायपर सगळं लावलं. अल्टरनेटरवर १४.३ व्होल्ट. बॅटरीवर १२.९. म्हणजे वीज तयार होत होती, वाटेत हरवत होती. जाण्याची वाट आधी पाहिली, ती जाड केबल. तिथं फक्त ०.२ व्होल्ट हरवत होते. मग परतीची वाट. करंट इंजिनावरून गाडीच्या पत्र्यात उतरतो तो एका विणलेल्या तांब्याच्या पट्टीतून. तिथं १.२.

पट्टीचा बोल्ट काढला. खाली चकचकीत रंग, वीज अडवणारा. माझाच.

अण्णांनी वाकून पाहिलं. “पूजेला रंगवली?”

“हो.”

“एकही कोपरा सोडू नका म्हणालात?”

हे मी त्यांना सांगितलेलं नव्हतं. ते इतके हसले की स्टूल हललं. दसऱ्यानंतर अशा दोन-तीन गाड्या येतातच, म्हणाले. मग आधी का नाही पाहिलंत, असं मी विचारलं. रंगवली हे तुम्ही सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही, हे त्यांचं उत्तर. पण पॉलिश पेपर घेऊन पत्रा त्यांनी स्वतः घासला, बोल्ट आवळून वर व्हॅसलीन लावलं आणि दुसऱ्यांदा मोजताना मीटरची पिन त्यांनीच धरली.

जुना अल्टरनेटर बहुधा चांगलाच असणार. तो न मोजता बदलू दिला, ही चूक माझी. गाडीवर जीव लावला ही मात्र चूक नाही, आणि पार्किंगमध्ये कोणी काहीही म्हणो, ती मी कबूल करणार नाही.

त्याच दिवशी बाईंना पत्र लिहिलं. फोनवरचं त्यांना वाचवत नाही, म्हणून जाड स्केचपेननं, मोठ्या अक्षरांत.

तीर्थस्वरूप बाई,

तुम्ही गाडी विकायला सांगितलीत. मी विकणार नाही. तुमचं न ऐकण्याची ही पहिलीच वेळ, म्हणून आधी आकडे देतो.

इंजिन, दिवे, पंखा, वायपर चालू. अल्टरनेटरवर १४.३. बॅटरीवर दुरुस्तीआधी १२.९, दुरुस्तीनंतर १४.०. बिघाडाचं कारण: मी. बोल्टखालीही रंग लावून घेतला होता. गाडी पाया पडायची वस्तू नाही, हे तुमचं बरोबर. विकून टाक, हे चूक. ते तुम्ही न मोजता सांगितलंत.

तुळशीच्या लग्नानंतरच्या शनिवारी सकाळी तुमच्या दारात येतो. बॅग भरून ठेवा. नाही म्हणालात तर मी दाराबाहेर गाडीत बसून राहीन. तुम्ही तीन तास बसला होतात. मी जास्त बसेन.

तुमचा विद्यार्थी