हाज्जा इन्साफ हसली

इजिप्तमध्ये, मन्सूरात आमच्या भागात एक रीत आहे. घरातलं माणूस गेलं की त्या घरची पहिली ईद दुखवट्याची. शेजारच्या घरांतून कहक, म्हणजे ईदची गोड बिस्किटं, भाजल्याचा खमंग वास सुटतो, या घरात पीठसुद्धा मळलं जात नाही. पोरांना नवे कपडे नाहीत. नमाज झाली की लोक आधी इथे येतात, बिनसाखरेची कॉफी कशीबशी गिळतात, "त्याचं उरलेलं आयुष्य तुम्हाला लाभो" म्हणतात आणि जिना उतरला की सुटलो म्हणत आपापल्या घरी गोडधोड खायला पळतात. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. आज यांच्या घरी, उद्या आपल्या घरी.

हाज्जा इन्साफ मात्र रीतीपेक्षा चार पावलं पुढे होती. तिचा एकुलता एक मुलगा रिफअत थंडीत गेला. फरशांच्या दुकानात उभ्या उभ्या कोसळला, दवाखान्यात नेईपर्यंतही टिकला नाही. त्या दिवशी तिने स्वतःची काळी शाल काढून टीव्हीवर टाकली, गच्चीचं दार लावून घेतलं आणि घरातल्या सगळ्यांची तोंडंही जणू लावून घेतली. सगळे म्हणजे कोण, तर सून दालिया आणि सात वर्षांची नात लुजैन. समोरच्या दारातली उम्म वाइल एकदा तिला समजवायला गेली, "हाज्जा, शेख सांगतात, बायकोला इद्दत आहे, चार महिने दहा दिवस घर सोडायचं नाही, ती तिने पाळावीच. पण आईने तीन दिवसांच्या वर दुखवटा धरू नये."

"तीन दिवस!" इन्साफ म्हणाली. "शेखचं पोर गेलंय का कधी?"

उम्म वाइलने कानाला खडा लावला.

रमजानमध्ये एका दुपारी दालिया स्वयंपाकघरात द्राक्षाच्या पानांत भात भरत बसली होती. हात चालू होते, आणि हातांबरोबर नकळत ती काहीतरी गुणगुणायला लागली. इन्साफ दारात येऊन उभी राहिली.

"माझ्या लेकराच्या कबरीची माती अजून ओली आहे, आणि तुला गाणी सुचतायत?"

दालियाने मान खाली घातली. त्यानंतर त्या घरात भांड्यांचाच काय तो आवाज.

इन्साफ दुष्ट नव्हती. दुष्ट माणसं समजायला सोपी असतात. तिला भीती वाटत होती. दालिया अलेक्झांड्रियाची, शिकलेली, लग्नाआधी औषधांच्या दुकानात काम केलेली. अशी बाई इद्दत संपल्यावर मन्सूरात एका म्हातारीच्या दोन खोल्यांत कशाला राहील? ईदच्या पहिल्या दिवशी ही भीती समोरच येऊन बसली. दालियाचा भाऊ तामेर आला, कडू कॉफी प्यायला आणि बहिणीच्या मागून स्वयंपाकघरात गेला. इन्साफ दाराआड होती.

"इद्दत संपली की चल," तो हळू आवाजात म्हणाला. "आमच्या गल्लीतल्या दुकानात माणूस हवंय. लुजैनची शाळा तिथंच बघू."

दालिया काय म्हणाली ते इन्साफला ऐकू आलं नाही. पण तिच्या मनाने घेतलं ते घेतलंच: रडणारी बाई जागची हलत नाही. हसली की उठेल, उठली की जाईल. आणि गेली की लुजैनही जाईल, मग रिफअतचं म्हणून या घरात काय राहणार? वाकलेल्या खुर्च्या?

खुर्च्यांचं असं, की रिफअत अंगाने चांगलाच आडवा. घरातल्या प्रत्येक खुर्चीचा एक तरी पाय त्याने वाकवलेला. दारातून आत येताना खांदा चौकटीला लागायचा, वळायला गेला की मागे काहीतरी पडायचं. आई ओरडायची, तो "माफ कर गं, घर लहान पडलं" म्हणायचा, आणि ओरडता ओरडता तिलाच हसू फुटायचं. लुजैन त्याला दबदूब म्हणायची, म्हणजे गुबगुबीत अस्वल. थंडीत रस्त्यावर एका कार्टून सिनेमाचं पोस्टर लागलं: कॅप्टन दबदूब, लाल झगा घातलेलं, आकाशात उडणारं प्रचंड अस्वल. रिफअतने पोरीला खांद्यावर घेऊन पोस्टर दाखवलं होतं. "ईदला बघू हं. बघू या, जास्त जाडा कोण."

ईदच्या तिसऱ्या दिवशी इन्साफ लुजैनला घेऊन कबरीवर जायला निघाली. दालियाला इद्दतीमुळे बाहेर पडता येत नव्हतं. तिने पहाटे उठून शोरेक भाजले होते. कहक चालत नव्हते, पण मेलेल्याच्या नावाने वाटायचे हे गोड पाव चालत होते. त्यांना आमच्याकडे रहमा म्हणतात. पिशवी इन्साफच्या हातात देत ती एवढंच म्हणाली, "कबरीवरच्या कोरफडीला पाणी घाला, आई. सुकली असेल."

गाडी थिएटरसमोर गर्दीत अडकली. बाहेर पोरांची जत्रा. नवे कपडे, फुगे, शिट्ट्या. आणि वर, दोन मजले उंच, लाल झग्यातला दबदूब. लुजैन जुन्या स्वेटरमध्ये खिडकीला नाक लावून बसली होती. तिने काही मागितलं नाही. मागितलं असतं तर इन्साफने गप्प केलं असतं. ती फक्त आजीला म्हणाली, "तेता, बाबा म्हणाले होते ईदला. आज ईदच आहे ना?"

इन्साफने ड्रायव्हरच्या पाठीवर थाप मारली. "थांब रे बाबा. इथेच उतरव."

का उतरलो, हे तिला पुढे कधीच नीट सांगता आलं नाही. मुलाचा शब्द होता, तो पाळायचा, असं तिने स्वतःला बजावलं. पोरीला आत बसवायचं, आपण शेजारी डोळे मिटून रिफअतसाठी फातिहा म्हणायची आणि उरलेल्या वेळात कबरीवर जायचं.

पहिली दहा मिनिटं ती खरोखर डोळे मिटून बसली. मग सगळं थिएटर एकदम फुटल्यासारखं हसलं आणि तिने डोळे उघडले. पडद्यावर कॅप्टन दबदूबने एका हाताने आगगाडी थांबवली होती, लोक टाळ्या वाजवत होते, आणि तो ऐटीत डब्यात शिरायला गेला तर दारातच अडकला. पुढून चार माणसं ओढतायत, मागून पोलीस ढकलतायत. सुटला एकदाचा, तर झगा दारात अडकला. तो वळला तसा मागचा फळवाला त्याच्या गाड्यासकट आडवा. आणि दबदूब अगदी पडेल तोंडाने त्याला म्हणतो, "माफ करा हं."

इन्साफ हसली. तोंडात ओढणीचं टोक कोंबून हसायला गेली तर हसू नाकातून आलं. लुजैन तिच्याकडे बघतच राहिली, आणि मग तीही सुटली. तो अडकला की या दोघी एकमेकींना चिमटे काढायच्या. इन्साफच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पोट दुखत होतं, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिला रिफअत जिवंत दिसला. जनाज्यातला नव्हे, दारात अडकलेला.

मध्यंतरात लुजैनने मांडीवरची पिशवी उघडली. "तेता, भूक लागली."

"ते रहमाचे आहेत गं."

"मग मी वाटू?"

इन्साफ काही बोलायच्या आत पोरगी उठली आणि रांगेतल्या पोरांना एकेक शोरेक देत सुटली. "घ्या, माझ्या बाबांची रहमा आहे. फातिहा म्हणा." चिप्सने चिकट झालेल्या हातांनी पोरांनी शोरेक घेतले, दोघातिघांनी खरंच फातिहा पुटपुटली. मागच्या रांगेतला एक लठ्ठ मुलगा दुसऱ्यांदा हात पुढे करून म्हणाला, "अजून आहेत?" तो उम्म वाइलचा नातू निघाला. त्याच्या शेजारी उम्म वाइल स्वतः, डोळे वटारून.

"हाज्जा? तुम्ही?"

"पोरीला घेऊन आले," इन्साफ पुटपुटली, आणि पुढचा अर्धा सिनेमा तिला दिसलाच नाही.

कबरीवर जायचं राहूनच गेलं. घरी परतताना तिने लुजैनला बजावलं, आईला सांगायचं नाही. दालियाने दार उघडलं.

"गर्दी होती का कबरीवर?"

"होती."

"कोरफडीला पाणी घातलंत?"

"घातलं," इन्साफ म्हणाली, आणि नमाजाला उभी राहिली. त्या नमाजात तिने किती सजदे केले ते तिचं तिलाच कळलं नाही.

सुट्ट्या संपल्या. शाळा सुरू झाल्या, दुकानांची शटरं वर गेली, गल्ली पुन्हा रुळावर आली. इन्साफचं मन काही रुळावर येईना. चोराच्या मनात चांदणं. उम्म वाइल जिन्यात दिसली की ही दार लोटून घ्यायची. पण दार किती दिवस लोटणार? एका सकाळी उम्म वाइल घरचं लोणचं घेऊन आली आणि थेट स्वयंपाकघरात दालियासमोर जाऊन बसली. तिच्या जिभेला हाड नव्हतं, पण मनात काळंबेरंही नव्हतं.

"दालिया, तुझ्या हातच्या शोरेकची सर कुणाला नाही बघ. आमचा पोरगा अजून विचारतो, त्या थिएटरातल्या तेता परत कधी येणार?"

"थिएटर?" दालिया म्हणाली.

उम्म वाइलने एकदा दालियाकडे पाहिलं, एकदा कोपऱ्यात बसलेल्या इन्साफकडे. "चला, माझं दूध उतू जाईल," म्हणाली आणि निघाली. लोणच्याची बरणी मधेच राहिली.

लुजैन दारात उभी होती. आता लपवण्यात अर्थ नाही हे तिने ओळखलं. "तेता खूप हसली, मम्मा. डोळ्यांतून पाणी आलं. मी पुसलं."

"जा, खोलीत जा तू," दालिया म्हणाली. पोरगी गेल्यावर तिने बरणीचं झाकण घट्ट फिरवलं. ओरडली असती तर इन्साफला बरं वाटलं असतं.

"मी नुसती गुणगुणले होते, आई. धड गाणंसुद्धा नव्हतं ते. त्या दिवसापासून मला माझ्याच तोंडाची भीती वाटते. पोरगी काही गमतीचं बोलली तर मी तोंड फिरवते. रिफअतची आठवण आली, त्याची एखादी खुळी गोष्ट आठवली, तरी मी ओठ दाबून धरते. आणि तुम्ही त्याच्या रहमाची पिशवी घेऊन..."

"तो दारात अडकला," इन्साफ एकदम म्हणाली.

"कोण?"

"ते अस्वल. आगगाडीच्या दारात. अगदी आपल्या..." ती उठली, बाहेरच्या खोलीत गेली आणि हाताला पहिलं जे कापड लागलं ते ओढून घेऊन आली. टीव्हीवरची काळी शाल होती ती. ती तिने गळ्याला बांधली, पोट पुढे काढलं, खांदे फुगवले आणि सत्तरीची बाई स्वयंपाकघराच्या दारात आडवी घुसली. "असा. आणि मग असा वळला..." वळताना शालीच्या टोकाने लोणच्याची बरणी लोटली. दालियाने ती हवेत झेलली. "आणि मग म्हणतो, माफ करा हं."

"घर लहान पडलं," दालिया म्हणाली.

आणि तिला हसू फुटलं. तिचा हात सवयीने तोंडावर गेला. इन्साफने पुढे होऊन तो हात धरला आणि खाली ओढला. दोघी हसल्या, मग दोघी रडल्या, आणि कुठे एक संपलं नि दुसरं सुरू झालं ते सांगता येणार नाही.

शांत झाल्यावर इन्साफने शाल सोडून घडी घातली. जे विचारायची तिला ईदपासून भीती वाटत होती, ते तिने विचारलं. "तू जाणार आहेस. तामेर बोलला ते मी ऐकलंय."

"हो, आई."

"त्याने विचारल्यावर ठरवलंस?"

"नाही. त्याने ईदला विचारलं. मी रमजानमध्येच ठरवलं होतं. त्या द्राक्षाच्या पानांच्या दिवशी."

इन्साफने शालीची घडी पुन्हा उलगडली. ज्या दोरीने सुनेला घरात बांधून ठेवलं असं तिला वाटत होतं, तीच दोरी दालियाला बाहेर ओढत होती, आणि ओढणारी इन्साफ स्वतः. हे तिला कुणी सांगितलं असतं तर तिने ऐकलं नसतं.

"आणि आता?" तिने विचारलं. "आता हसलीस ना?"

"लुजैनचं तिथल्या शाळेत नाव घातलंय, आई," दालिया म्हणाली, आणि इन्साफचा हात तिने हातात घेतला.

शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली तेव्हा इद्दत संपलेली होती. जाण्याआधी तिघी मिळून कबरीवर जाऊन आल्या आणि कोरफडीला पाणी घातलं. टीव्हीवर पुन्हा काही टाकलं गेलं नव्हतं. अलेक्झांड्रियाच्या मायक्रोबसमध्ये सामान चढलं, दालिया आणि लुजैन खिडकीशी बसल्या. इन्साफ दारातून अर्धी आत वाकून पोरीचे मुके घेत होती, एक झाला, अजून एक, अजून एक. शेवटी ड्रायव्हर ओरडला, "हाज्जा, सोडा आता त्यांना!" ती मागे झाली, दार सरकलं आणि तिच्या काळ्या झग्याचा घोळ दारात अडकला.

"तेता!" आतून लुजैन किंचाळली. "दबदूब!"

दालियाने खिडकीच्या काचेवर कपाळ टेकलं, तिचे खांदे हलत होते. इन्साफ भर रस्त्यात, अडकलेल्या झग्याने बांधलेली, लोकांच्या देखत मोठमोठ्याने हसली. कुणी तिला हसू नको म्हणालं नाही. ड्रायव्हरने शिव्या देत दार पुन्हा उघडलं, झगा मोकळा केला, आणि गाडी गेली.