मायचं माहेरचं नाव

रस्त्याच्या कामावर रोलर चालवायला मी इराणला गेलो, तेव्हा सत्तरचं दशक संपत आलं होतं. काम एका खेड्याजवळ होतं. मातीची बसकी घरं, थोडी अक्रोडाची झाडं आणि दिवसभर उडणारी धूळ. एका म्हातारीच्या घरात खोली घेतली होती. तिच्याशी माझं बोलणं हातवारे आणि मोडक्या फारसीवर निभत असे.

माय गेल्याचं कळलं तेव्हा इकडे आमच्या आसगावात तेरवीसुद्धा उरकली होती. धाकट्या भावानं कळवलं, "आता येऊन काय करशीन? सारं झालं." मी रोलरवर चढलो आणि कामाला लागलो. रडू आलं नाही. जेवण जाईना, एवढंच.

म्हातारीनं विचारलं तेव्हा सांगून टाकलं. गुरुवारी तिनं कणीक खरपूस भाजली, साखर-केशर घालून हलवा केला आणि ताट माझ्याच हातात दिलं. मेलेल्या माणसासाठी तिथे असा हलवा घरोघर वाटतात म्हणे. आमच्याकडे सुतकात कढई चढत नाही, आणि मी गोडाचं ताट घेऊन दारोदार! रागच आला. पण नाही म्हणायलाही अंगात जोर लागतो, तो नव्हता. तिच्या मागं निघालो.

लोक चिमूटभर हलवा घेत, आईचं नाव विचारत आणि त्या नावानं प्रार्थना पुटपुटत. पहिल्याच दारात मी अडलो, कारण मायला दोन नावं होती. एक सासरचं, लग्नात तांदळाच्या ताटात लिहिलेलं. तेही कुणी घेत नसे. बाबा "अवो" म्हणत, आम्ही माय म्हणायचो. दुसरं माहेरचं. कोंढ्याहून मामा आला की अंगणातूनच त्या नावानं हाक मारायचा, आणि माय हातातलं काम टाकून धावत बाहेर यायची. आमच्या हाकेला ती कधी तशी आली नाही.

मी माहेरचं नाव सांगितलं. ते माझ्या तोंडून पहिल्यांदाच निघत होतं. मग प्रत्येक दारात तेच सांगत गेलो आणि प्रत्येक दारात ते घेतलं गेलं. ताट रिकामं झालं. म्हातारीनं ते धुऊन भिंतीशी पालथं घातलं. मला तेव्हाही काही वाटलं नाही.

वर्षश्राद्धाला घरी आलो. मामाही तोवर गेला होता. श्राद्ध सांगणाऱ्या महाराजांनी नाव विचारलं, भावानं सासरचं सांगितलं. मी हळूच म्हटलं, माहेरचंही घे.

"ते कायले आता?" भाऊ म्हणाला. "ते तं लग्नातच गेलं."

पिंडावर पाणी सोडलं गेलं आणि पंगत बसली.

पुढं तिकडे लढाई पेटली. ते खेडं उरलं की नाही, मला कळायला मार्ग नाही. माझ्या मायसाठी तिच्या नावानं प्रार्थना करणारं गाव तेवढंच होतं.