साडूंच्या सरकत्या भिंती

आमच्या साडूंइतका भिंतींचा वैरी अख्ख्या आदिलाबाद जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. हैदराबादेत मोठमोठी ऑफिसं बांधून आलेला हा आर्किटेक्ट माणूस. आमचं घर त्यांनी हौसेनं बांधून दिलं. मी बापडा तीन खोल्या मागत होतो. मिळाला एक लांबलचक हॉल आणि चाकांवरच्या लाकडी भिंती. "साडूभाऊ, माणूस रोज बदलते, मंग घरानं काऊन बदलू नाही?" असं म्हणत त्यांनी एक भिंत सरकवूनही दाखवली.

उटनूरच्या कचेरीतून बसचे धक्के खात परतावं, तर सकाळची आपली निजायची जागा जेवणघर झालेली. साडू येऊन गेले, हे त्यावरूनच कळायचं. एकदा दमून, दिसला त्या पलंगावर आडवा झालो. जाग आली तर भोवती हळदीकुंकवाच्या बायका, आणि कुणीतरी माझ्या पायथ्याशी वाण ठेवलेलं. "पाहा, उजेड कसा खेळून राह्यला!" साडू पलीकडून म्हणाले.

मग आमची लेक बाळंतपणाला आली. बाळ झालं, दोघं दवाखान्यातून घरी यायची होती. बायकोनं साडूंना बोलावून घेतलं. "भाऊजी, बाळंतिणीले बंद खोली पाह्यजे. वारा लागला त तुमचा उजेड काय चाटू? नाहीतर चालली मी तिले घेऊन भीमपूरले, भावाकडे."

साडूंचा चेहरा उतरला. त्यांनी बांधलेल्या घरातून बाळंतीण दुसरीकडे न्यायची! त्यांनी लगेच हॉलच्या कोपऱ्यात भिंती जुळवल्या, फटींत जुनी लुगडी कोंबली. एका भिंतीचं चाक मात्र काही केल्या अडकेना. शेक-धुरीच्या वेळी ती सरकू नये म्हणून साडू बाहेरून त्या भिंतीला पाठ लावून फरशीवर बसायचे.

"एक खिळा ठोका ना जी," मी म्हणालो.

"फरशी फुटते."

"फरशी माझी आहे!"

"डिझाईन माझं हाय."

आत बाळ रडलं, की ते बाहेरून भिंत थोपटत.

लेक सासरी गेल्याला आता बरेच महिने झाले. परवा साडू आले, तसा मी सवयीनं पलंगावरून उठून उभा राहिलो. ते त्या कोपऱ्यातल्या खोलीत जाऊन आले. "राहू द्या हे असंच," म्हणाले, आणि चहा पीत बसले.

मलाच करमेना. "जेवणघर तरी हलवा," मी म्हटलं.

"आज नको, साडूभाऊ," ते म्हणाले. "दमलो."