करणीचा बैल

बैलाचं पोट डावीकडून ढोलासारखं फुगलं होतं आणि पाटील मला त्याच्याजवळ जाऊ देत नव्हते.

"लोखंड लावाचं नाही म्हून सांगतलं भगतानं," ते म्हणाले. "करणी आतच अडकून राह्यते म्हंते."

मी ढोरांचा डॉक्टर. गोष्ट दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची. त्या दिवशी शेलूबाजारच्या बाजारात ढोरांना लस टोचत होतो. जवळच्या गावातल्या पाटलीणबाईंनी सालगडी पाठवून मला बोलावून घेतलं, तेही पाटलांना न विचारता. पाटलांनी भूत उतरवणारा भगत आधीच आणला होता.

भगताचं निदान तयार होतं. शेजारच्या सखूबुढीनं सकाळी बैलाकडे पाहून 'जनावर मोठं देखणं हाय' म्हटलं होतं. तेवढं पुरलं. करणी तिचीच ठरली. बैल मेला तर तिला गावाबाहेर काढायचं, हेही ठरलं. तिला मागंपुढं कोणी नव्हतं. बैलासमोर तिला आणून बसवलं होतं. कितीतरी वेळ ती तशीच उकिडवी बसून होती.

सकाळी बैल कुठे चरला, असं मी सालगड्याला विचारलं. बैल दवानं भिजलेल्या हरभऱ्यात शिरला होता. हिरवा हरभरा जनावराच्या पोटात आंबतो. त्याचा गॅस होतो. तो कोंडला की पोट फुगतं, श्वास अडतो आणि जनावर उभ्या उभ्या कोसळतं. अशा वेळी आम्ही ट्रोकार वापरतो. ही एक टोकदार सळई, तिच्यावर नळी चढवलेली. डाव्या कुशीत खुपसायची, सळई काढून घ्यायची, नळी राहू द्यायची. नळीतून गॅस निघून जातो.

हे सगळं मी पाटलांना समजावून सांगितलं. ते भगताकडे पाहत राहिले. तेवढ्यात बैलाचे गुडघे लटपटले.

दारातून पाटलीणबाई म्हणाल्या, "मारा साहेब. मरनारच हाय तं सरकारी हातानं मरू द्या."

पाटील काही बोलले नाहीत. मी तो होकार धरला.

भगताला मागं राहायचं नव्हतं. त्यानं ताटात कापूर पेटवला आणि मंत्र पुटपुटत बैलाला ओवाळायला लागला. माझं सगळं लक्ष कुशीवर. ट्रोकार खुपसला, सळई ओढली, आणि त्याच वेळी भगतानं ताट नळीजवळ आणलं.

पोटातला गॅस पेटतो, हे मी कॉलेजात वाचलं होतं. पाहिलं त्या दिवशी. भस्सकन निळी ज्वाळा निघाली आणि भगताची दाढी अन् भुवया घेऊन गेली. अंगण रिकामं झालं. पाटील काट्यांच्या कुंपणावरून पलीकडे गेले. मीही मागं सरलो, मग ओलं गोणपाट दाबून ज्वाळा विझवली. जागेवर फक्त सखूबुढी होती. तिला उठताच येत नव्हतं.

पोट हळूहळू बसलं. बैल सावरला, रवंथ करू लागला. लोक परत आले. मी हरभरा आणि गॅस पुन्हा सांगितला. कोणी ऐकलं नाही. गावातला एक म्हातारा पुढं आला आणि म्हणाला, "करणी ज्यानं केली त्याच्यावरच उलटते. आता पाहा, दाढी कोनाची जळली?"

सगळे भगताकडे पाहू लागले.

पाटलांनी स्वतः सखूबुढीला हात देऊन उठवलं. ती म्हणाली, "मले कोनी घरी पोचवता का? पाय वळून गेले मायवाले." दोन बायांनी तिला धरून नेलं.

इकडे कोणीतरी काठी उचलली होती. मी पाटलांना म्हणालो की भगताचाही यात काही दोष नाही.

"साहेब, तुमी लय भोळे आहा," पाटील म्हणाले.

मग मी भगताला सायकलच्या कॅरियरवर बसवलं आणि गावाबाहेर काढलं. शेलूबाजारपर्यंत त्याला सगळं सांगितलं. हरभरा कसा आंबतो, गॅस कसा होतो, कापरानं तो कसा पेटला. तो मागून हूं हूं करत होता. बाजाराजवळ उतरला आणि त्यानं हात जोडले.

"डॉक्टरसाहेब, मंतर सांगाचा नसन तं नोका सांगू. पन मले हरभऱ्याचं काहून सांगून राह्यले?"

पुढं नोकरीभर मी ट्रोकार हातात घेण्याआधी आसपासचा विस्तव लांब न्यायला लावला. समजावून सांगणं मात्र जनावर वाचल्यावर, आणि कोणी विचारलं तरच.